बंद पोर्टांच्या पलीकडे दिवाळी अंकाची पानं पोचवताना: प्रकल्प नोंदी, २०२५

काम असं आहे. दिवाळी अंकाची पानं कोल्हापुरात लागतात, संपादक पुण्यात असतात, चित्रं रत्नागिरीहून येतात आणि छपाई पुण्यातल्या एका प्रेसमध्ये होते. जुन्या अंकांची स्कॅन धरून साहित्य तीनशे जीबीच्या वर जातं. ते सगळं कोल्हापुरातल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला (पुढे नुसता ‘पाय’) जोडलेल्या २ टीबीच्या डिस्कवर आहे. साहित्य तिथेच राहायला हवं, आणि बाकी तिघांना ते जिथे बसलेत तिथून मिळायला हवं. वाटेतले बहुतेक पोर्ट, म्हणजे जोडणीची क्रमांक दिलेली दारं, बंद आहेत. असाच प्रसंग ज्यांच्यावर येईल त्यांच्यासाठी या नोंदी.

७ जुलै: आधी पत्ता पाहिला

राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.८४ ने सुरू होतो. ब्राउझरमधून ‘माझा आयपी’ तपासला तर दुसराच पत्ता दिसतो. पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून पायकडे वळवण्याचा, विषय इथेच मिटला.

१००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचा पट्टा २०१२ च्या एप्रिलमध्ये कॅरिअर-ग्रेड नॅटसाठी राखून ठेवला गेला. इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांमध्ये वाटते. बाहेरून कुणी त्या पत्त्यावर आलं तर ते पॅकेट कोणत्या घराचं, हे कंपनीच्या नॅटला माहीत नसतं, म्हणून ते तिथेच टाकलं जातं. घरच्या राउटरमध्ये हवा तो पोर्ट उघडा, पॅकेट राउटरपर्यंत येतच नाही. डायनॅमिक डीएनएसने बदलत्या पत्त्याला नाव मिळतं, पण ते नाव नॅटच्या बाहेरच्या भिंतीकडे बोट दाखवतं. या वाटेवर वेळ घालवू नका.

वॅन पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बहुधा कंपनीने दिलेला ओएनटीच (फायबरची पेटी) नॅट करत असतो, आणि तो ब्रिज मोडमध्ये (नॅट न करता जोडणी पुढे देणं) टाकला की प्रश्न सुटू शकतो. १० ने सुरू होत असेल तर दोन्ही शक्यता असतात, आधी ओएनटीचं पान उघडून खात्री करा.

घरगुती प्लॅनवर स्थिर पत्ता मिळत नाही, असं कंपनीचं उत्तर आलं. आयपीव्ही६ चा सार्वजनिक पत्ता पायला मिळतोय आणि तो कामाचाही आहे, पण प्रेसच्या जोडणीवर आयपीव्ही६ नाही. एका टोकाला नसेल तर दुसऱ्या टोकाला असून उपयोग नाही.

म्हणून दिशा ठरली ती अशी: आत येणारं दार मागायचं नाही. घरातून बाहेर जाणारी जोडणी कुणी अडवत नाही, तेव्हा पायनेच बाहेरच्या एका ठिकाणी जाऊन जोडणी धरून ठेवायची आणि बाकीच्यांनी त्या ठिकाणी यायचं.

९ जुलै: मधलं ठिकाण

मुंबई विभागातला एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला: एक कोअर, १ जीबी रॅम, २५ जीबी डिस्क, जीएसटी धरून महिना सुमारे ५०० रुपये. परदेशातला स्वस्त मिळतो, पण युरोपात गेलेलं पॅकेट पुण्याला परत यायला शंभर मिलिसेकंदांच्या वर लागतात आणि फोल्डर उघडताना ते प्रत्येक वेळी जाणवतं. फाइली व्हीपीएसवर ठेवायच्या नाहीत, नुसत्या तिथून पलीकडे जाणार. त्यामुळे डिस्क लहान चालते. डेटाची मर्यादा मात्र पाहून घ्या, कारण प्रत्येक फाइल एकदा आत येते आणि एकदा बाहेर जाते. काही ठिकाणी फक्त बाहेर जाणारं मोजतात, काही ठिकाणी दोन्ही.

व्हीपीएसला दोन फायरवॉल असतात, हे नव्याने करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. एक मशीनच्या आत, इथे यूएफडब्ल्यू. दुसरी पुरवठादाराच्या नियंत्रण पानावर. दोन्हीकडे परवानगी लागते. उघडलं ते एवढंच: टीसीपी २२, ८०, ४४३ आणि यूडीपी ५१८२०. एसएसएचला (दुरून मशीन चालवायची सोय) पासवर्डने प्रवेश बंद, फक्त ‘की’ (किल्लीची फाइल) चालते.

४४५ कुठेही उघडायचा नाही, हे इथेच लिहून ठेवतो. विंडोजची फाइल शेअरिंग याच पोर्टवर चालते. २००४ चा सॅसर हा स्वतःहून पसरणारा व्हायरस याच वाटेने पसरला. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा प्रोग्रामही याच वाटेने आला, त्यावरचा पॅच मार्चमध्येच निघालेला असूनही. म्हणूनच अनेक इंटरनेट कंपन्या ४४५ आणि त्याच्या जोडीचे १३५ ते १३९ अडवतात. ती अडवणूक योग्य आहे, तिच्याशी भांडू नये. सांबा (लिनक्सवरून तीच फाइल शेअरिंग देणारा प्रोग्राम) वापरायचा असेल तर तो टनेलच्या, म्हणजे कूटबद्ध जोडणीच्या, आतच.

११ जुलै: प्रेसमधून काय काय बाहेर जातं

प्रेसच्या नेटवर्कची देखभाल करणाऱ्यांना आधी विचारलं. ब्राउझरमधून फाइल घेणं-देणं चालेल, त्यांच्या संगणकावर व्हीपीएन किंवा दुसरं काही बसवायचं नाही, हे त्यांचं म्हणणं. ते पाळूनच पुढचं सगळं केलं आहे. दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये गुपचूप टनेल काढणं चुकीचंच, आणि ऐन छपाईच्या आठवड्यात ते पकडलं गेलं तर अंक अडकेल.

तपासणीसाठी व्हीपीएसवर थोडा वेळ काही पोर्टांवर ऐकणारे प्रोग्राम लावले (त्यासाठी जादा उघडलेलं नंतर बंद केलं). तिकडे प्रेसच्या विंडोजवर पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा पोर्ट क्रमांकासह चालवली.

टीसीपी ८० आणि ४४३: जोडलं गेलं.
टीसीपी २२, २२२२, ८४४३: वीस-एकवीस सेकंद थांबून अपयश.

अपयशाचे दोन प्रकार असतात आणि त्यांतला फरक ओळखला की निम्मं काम होतं. दोनेक सेकंदांत ‘नाही’ आलं तर पॅकेट पलीकडे पोचलं होतं, तिथे ऐकणारं कुणी नव्हतं: चूक आपल्या सर्व्हरवर शोधा. वीस सेकंद काहीच आलं नाही तर मधल्या कुणीतरी पॅकेट गिळलं: फायरवॉल शोधा.

यूडीपीसाठी ही आज्ञा चालत नाही, कारण यूडीपीत जोडणी झाल्याची पावतीच नसते. व्हीपीएसवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावून ठेवायचा, इकडून चार पॅकेट पाठवायची आणि तिकडे दिसतात का ते पाहायचं. प्रेसमधून यूडीपीचं एकही पॅकेट पोचलं नाही, ४४३ वरचंही नाही.

आणखी एक चाचणी केली ती बरं झालं. व्हीपीएसवर एसएसएच तात्पुरता ४४३ वर आणला. प्रेसमधून जोडणी झाली, पण पहिली ओळ यायच्या आतच तुटली. म्हणजे त्यांची फायरवॉल नुसता क्रमांक पाहत नाही, आतला प्रोटोकॉलही पाहते. ‘सगळं ४४३ वरून चालतं’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. ४४३ वर खरं एचटीटीपीएसच असेल तर चालतं.

१३ जुलै: वायरगार्ड

पाय आणि संपादकांचा लॅपटॉप यांच्यासाठी वायरगार्ड, हा व्हीपीएन टनेल. लिनक्सच्या ५.६ पासून तो कर्नेलमध्येच आहे, त्यामुळे पायवर वेगळं मॉड्यूल बसवावं लागत नाही. व्हीपीएस १०.७७.०.१, पाय १०.७७.०.२, लॅपटॉप १०.७७.०.३. मांडणी सोपी आहे, पण चार ठिकाणी लोक हमखास अडकतात.

पायच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (ठरावीक वेळाने जाणारं रिकामं पॅकेट) २५ सेकंद हवाच. नॅट यूडीपीची नोंद फार काळ धरून ठेवत नाही. ती पुसली गेली की व्हीपीएसला पायकडे जायची वाट उरत नाही. लक्षण असं दिसतं: जोडणी केल्या केल्या सगळं चालतं, आणि थोड्या वेळाने बाहेरून पाय ‘नाहीसा’ होतो. पायवरून एक पिंग मारला की लगेच परत येतो.

पायच्या अलाउड-आयपीमध्ये (टनेलमधून जायच्या पत्त्यांची यादी) फक्त १०.७७.०.०/२४ लिहा. तिथे ०.०.०.०/० लिहिलं तर पायचं सगळं इंटरनेट, अगदी रोजचे अपडेटसुद्धा, व्हीपीएसवरून फिरायला लागतं आणि डेटाची मर्यादा विनाकारण संपते.

व्हीपीएसच्या बाजूला प्रत्येक पीअरला (टनेलच्या पलीकडच्या मशीनला) त्याचा एकेक पत्ता, /३२ सह. दोन पीअरना एकच पट्टा दिला तर शेवटी लिहिलेला जिंकतो आणि पहिला मुकाट बंद पडतो.

व्हीपीएसवर आयपी फॉरवर्डिंग चालू करा, आणि यूएफडब्ल्यूमध्ये वायरगार्डच्या इंटरफेसवरून आत येऊन त्याच इंटरफेसवरून बाहेर जायला वेगळी राउट परवानगी द्या. ही दिली नाही तर लॅपटॉपवरून व्हीपीएसला पिंग जातो, पायवरून व्हीपीएसला जातो, पण लॅपटॉपवरून पायला जात नाही. की चुकली असावी म्हणून माणूस पुन्हा पुन्हा की तयार करत बसतो. दोष कीचा नसतो.

१६ जुलै: लहान फाइल जाते, मोठी अडकते

घरच्या वायफायवर संपादकांचा लॅपटॉप नीट चालला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र फोल्डरची यादी येते, ५ केबीची टिपणं उघडतात आणि पीडीएफ उतरायला लागली की शून्यावर थांबते. त्रुटीचा संदेश काहीच नाही. हे एमटीयूचं, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचं, लक्षण.

वायरगार्ड प्रत्येक पॅकेटला आयपीव्ही४ वर ६० बाइट आणि आयपीव्ही६ वर ८० बाइट जोडतो, म्हणून त्याचा नेहमीचा एमटीयू १५०० वजा ८०, म्हणजे १४२० असतो. फायबरवर पीपीपीओई असेल तर मुळातच १४९२ मिळतात, तरी आयपीव्ही४ वर १४२० बसतो. मोबाइलवर मात्र आयपीव्ही४ चं पॅकेट पुष्कळदा आयपीव्ही६ मध्ये बदलून नेलं जातं, त्यात २० बाइट जातात, आणि कंपनीच्या आतल्या वेष्टनात आणखी काही. मोठं पॅकेट मावत नाही, ‘मावलं नाही’ हा निरोप वाटेतली कुठलीतरी फायरवॉल अडवते, आणि पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

तपासायचं असं: टनेल चालू असताना पलीकडे पिंग करा, तुकडे करू नका हा पर्याय लावून, आणि आकार कमी करत या. पिंगमध्ये दिलेल्या आकड्यात २८ मिळवले की पॅकेटचा खरा आकार मिळतो. इथे १३३२ गेला, १३५२ अडकला. तंतोतंत आकडा शोधत बसण्यात अर्थ नाही, कारण टॉवर बदलला की तो बदलतो. तिन्ही मशीनवर १२८० ठेवला. त्याच्या खाली जाऊ नका, आयपीव्ही६ ला किमान १२८० लागतात. १२८० ने वेगात पडणारा फरक फाइली उतरवताना जाणवत नाही.

१९ जुलै: सांबा चालतो, पण त्यावर काम करू नये

टनेलमधून सांबाचं फोल्डर विंडोजला ड्राइव्ह म्हणून जोडलं गेलं. तरी तो मार्ग सोडला. एसएमबी, म्हणजे सांबाचा प्रोटोकॉल, बोलकं आहे: प्रत्येक फाइलसाठी उघड, माहिती दे, बंद कर अशा फेऱ्या होतात. एकाच खोलीत त्या अर्ध्या मिलिसेकंदात होतात. मोबाइलवरून एक फेरी पन्नास-साठ मिलिसेकंदांची. पाचशे चित्रांचं फोल्डर लघुचित्रांसह उघडलं की हिशोब तुम्हीच करा. इनडिझाइनची फाइल तिथूनच उघडली तर ती जोडलेली प्रत्येक टिफ (चित्राची फाइल) शोधत बसते, आणि मध्येच जोडणी तुटली तर ‘आयडीएलके’ ही कुलूपफाइल मागे राहते आणि दुसऱ्याला फाइल उघडता येत नाही.

म्हणून लॅपटॉपवर सिंकथिंग, हा दोन मशीनवरचे फोल्डर सारखे ठेवणारा प्रोग्राम. फाइली स्थानिक डिस्कवर राहतात, बदललेले तुकडेच जातात. त्याच्या सेटिंगमध्ये पलीकडचा पत्ता आपोआप शोधायला न सांगता थेट १०.७७.०.२ आणि पोर्ट २२००० लिहा आणि रिले बंद करा. रिले चालू राहिला तर टनेल बंद असतानाही सिंक होतच राहतं, पण लोकांनी चालवलेल्या सार्वजनिक रिलेवरून, रखडत, आणि वेग का पडला ते कळत नाही. (रिलेवरूनही मजकूर कूटबद्धच जातो, प्रश्न वेगाचा आहे.)

फोल्डर दोन केले. ‘पाने’: कोल्हापुरातून फक्त पाठवणारं, पुण्यात फक्त घेणारं. ‘शेरे’: याच्या उलट. एकच फाइल दोघांनी बदलली तर सिंकथिंग तिची ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ नावाची दुसरी प्रत करून ठेवतो, आणि प्रुफांच्या घाईत नेमकी कोणती खरी हे ठरवणं अवघड होतं. मालकी आधीच वाटून दिली की हा गोंधळ उद्भवतच नाही. आयडीएलके फाइली दुर्लक्षाच्या यादीत टाकल्या.

२४ जुलै: प्रेससाठी दार

प्रेसच्या संगणकावर काही बसवता येत नाही आणि बाहेर फक्त एचटीटीपीएस जातं. पहिला प्रयत्न वेबडॅव्हचा (वेबवरून फोल्डर देण्याची पद्धत): विंडोज स्वतःच वेबडॅव्हला ड्राइव्ह म्हणून जोडू शकतं. जोडलं गेलं. २८० एमबीची पीडीएफ ओढली तर त्रुटी ०एक्स८००७००डीएफ, फाइल मर्यादेपेक्षा मोठी. विंडोजच्या वेबक्लायंट सेवेची मूळ मर्यादा ५ कोटी बाइट, म्हणजे ५० एमबीच्या आसपास. रजिस्ट्रीत ती ४ जीबीपर्यंत वाढवता येते, पण त्याला ॲडमिन हक्क लागतात आणि ते प्रेसमध्ये नाहीत. वेबडॅव्ह बाजूला.

शेवटी पायवर कॉपीपार्टी बसवला. पायथनमधला हा फाइल सर्व्हर साध्या ब्राउझरमधून चालतो आणि तुटलेलं अपलोड पुढे चालू करतो. रत्नागिरीच्या चित्रांसाठी हे फार मोलाचं ठरलं. १८० एमबीची टिफ मोबाइल डेटावरून चढवताना मध्येच रेंज गेली तर तीच फाइल पुन्हा पानावर टाकायची. आधी पोचलेले तुकडे तो तपासून वगळतो आणि उरलेलेच पाठवतो. हा तपास ब्राउझरमध्ये होतो आणि एचटीटीपीएस नसेल तर फार हळू होतो.

हक्क असे: प्रेसला ‘छपाईसाठी’ फोल्डर फक्त वाचायला. चित्रकारांना ‘चित्रे’ फोल्डर फक्त लिहायला, म्हणजे आत काय आहे ते त्यांनाही दिसत नाही. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड.

व्हीपीएसवर पुढे एनजिनएक्स (विनंत्या पायकडे पोचवणारा वेब सर्व्हर), त्याच्यावर लेट्स एन्क्रिप्टचं एचटीटीपीएस प्रमाणपत्र. ते ९० दिवसांचं असतं, नूतनीकरण आपोआप लागलंय का ते कोरडी चाचणी घेऊन पाहा. एनजिनएक्सच्या मूळ सेटिंगांवर मोठ्या फाइली चालत नाहीत, त्या चार बदलाव्या लागल्या:

क्लायंट मॅक्स बॉडी साइझ मुळात १ एमबी असतो, त्यामुळे अपलोड लगेच ४१३ (फाइल फार मोठी) या त्रुटीने परततं. तो १२८ एमबी केला.

प्रॉक्सी रिक्वेस्ट बफरिंग बंद. चालू असेल तर एनजिनएक्स आलेलं अपलोड आधी स्वतःच्या डिस्कवर लिहितो आणि मग पायला देतो.

प्रॉक्सी मॅक्स टेम्प फाइल साइझ शून्य. मुळात हा १ जीबी असतो. प्रेसची जोडणी हळू असली की पाय भरभर पाठवतो आणि उरलेलं व्हीपीएसच्या डिस्कवर साठत जातं.

पायकडे जाताना एचटीटीपी १.१ लावा आणि वाट पाहण्याची मुदत मूळच्या ६० सेकंदांवरून वाढवा.

आणखी एक धोका. पायला सगळे पाहुणे १०.७७.०.१ वरूनच आलेले दिसतात. चुकीच्या पासवर्डसाठी पत्ता अडवायची सोय चालू असेल तर कुणा एकाच्या चुकीने व्हीपीएसच अडवला जातो आणि सगळेच बाहेर राहतात. पाहुण्याचा खरा पत्ता एनजिनएक्सने हेडरमध्ये पाठवायचा आणि तो फक्त १०.७७.०.१ कडून आला तरच मानायचा, हे पायला स्पष्ट सांगावं लागतं.

२९ जुलै: ‘दुसऱ्या’ नावाच्या दोन फाइली

इतर कुठे फारसं लिहिलेलं सापडत नाही, म्हणून हे सविस्तर.

‘दुसऱ्या फेरीची पाने’ या नावाच्या दोन पीडीएफ एकाच फोल्डरमध्ये दिसल्या. नाव अक्षर न् अक्षर सारखं. एक मॅकवरून एसएफटीपीने चढवलेली, दुसरी विंडोजवरून आलेली. प्रेसने नेमकी जुनी उतरवली.

कारण ‘ऱ’. युनिकोडमध्ये ऱ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, आणि तेच ‘र’ अधिक नुक्ता असंही लिहिता येतं. मॅकवरून आलेल्या नावांत पुष्कळदा ते सुटं होऊन येतं, विंडोजवरून टंकलेलं सहसा जोडलेलं. त्यात तिसरी पद्धत: र, हलंत आणि मागे न दिसणारा झीरो-विड्थ-जॉइनर. तिन्ही पडद्यावर अर्धा ऱ म्हणूनच उमटतात. लिनक्सला नाव म्हणजे फक्त बाइटांची रांग. जोडलेला ऱ आणि हलंत मिळून ६ बाइट, सुटा र, नुक्ता आणि हलंत ९ बाइट, जॉइनरवाला प्रकारही ९ बाइट पण वेगळे. लिनक्सच्या दृष्टीने या तीन वेगळ्या फाइली. सिंकथिंग पहिल्या दोन प्रकारांत नाव मुळातच जुळवून घेतो. एसएफटीपीने थेट चढवलं की ते होत नाही.

पायवर कॉन्व्हएमव्ही हा प्रोग्राम रोज रात्री एनएफसी पर्यायासह चालवायला लावला. तो सुटं रूप जोडतो. आधी नुसती चाचणी घ्या, तो मुळात काहीच बदलत नाही, काय बदलेल ते दाखवतो. जॉइनरवालं रूप कुठल्याही नॉर्मलायझेशनने जुळत नाही, त्यासाठी नावांत तो जॉइनर शोधून बदलणारी छोटी स्क्रिप्ट वेगळी लिहिली.

त्याच दिवशी दुसरी अडचण. लेखाचं पूर्ण शीर्षक आणि लेखकाचं नाव घातलेली फाइल पायवर लिहिलीच जाईना, ‘नाव फार लांब’. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत प्रत्येक अक्षर, मात्रा, हलंत, अनुस्वार यांना यूटीएफ-८ मध्ये तीन-तीन बाइट लागतात. म्हणजे जेमतेम ८५ खुणा. एकट्या ‘ज्योत्स्ना’ला ३० बाइट. विंडोज बाइट न मोजता एकेक खूण मोजतं, त्यामुळे तिकडे हेच नाव बिनतक्रार चालतं.

मराठी नावं सोडून देण्याची गरज नाही, आणि सोडूही नयेत. पान क्रमांक तीन आकडी, मग विभाग, मग फेरी, आणि मराठी शीर्षक दोन शब्दांत. पूर्ण शीर्षक पीडीएफच्या आतल्या माहितीत.

४ ऑगस्ट: वीज गेली, टनेल परत आला नाही

पावसात कोल्हापुरात रात्री वीज गेली. परत आल्यावर पाय चालू, इंटरनेट चालू, वायरगार्ड मात्र मुका. व्हीपीएसवर टीसीपीडम्प लावला: पायकडून १४८ बाइटांचं पॅकेट ठरावीक सेकंदांनी येतंय, उत्तर जात नाही. वायरगार्डचा पहिला हात पुढे करणारा संदेश १४८ बाइटांचा असतो आणि उत्तर ९२ बाइटांचं. म्हणजे पॅकेट पोचतंय, की बरोबर आहे, तरी व्हीपीएस दुर्लक्ष करतोय.

पायला स्वतःचं घड्याळ नाही. वीज गेली की तो शेवटची साठवलेली वेळ धरून उठतो, म्हणजे मागे पडलेला असतो. वायरगार्डच्या पहिल्या संदेशात वेळेचा शिक्का असतो. आधी मिळालेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला तर तो संदेश कुणीतरी जुनं पॅकेट पुन्हा पाठवतंय असं मानून टाकला जातो. एरवी एनटीपी (इंटरनेटवरून वेळ घेण्याचा प्रोटोकॉल) वेळ दुरुस्त करतं आणि हे कुणाला कळतही नाही. या जोडणीवर मात्र यूडीपी १२३ वरचं उत्तर परतच येत नाही. बंद पोर्टाचा फटका फाइल शेअरिंगला असा वळसा घेऊन बसला.

तातडीचा उपाय: व्हीपीएसवर तो पीअर काढून पुन्हा घालणे, मग जुना शिक्का विसरला जातो. कायमचा उपाय: डीएस३२३१ चं आरटीसी (घड्याळाचं) मॉड्यूल, सुमारे २५० रुपये, पायच्या पहिल्या नऊ पिनांच्या आतल्या रांगेवर थेट बसतं (१, ३, ५, ७, ९). कॉन्फिगमध्ये आय२सी-आरटीसीचा ओव्हरले लिहा आणि फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाका, नाहीतर तो उठताना जुनीच वेळ लावतो. ज्यांना मॉड्यूल नको त्यांनी एचटीटीपीएसच्या उत्तरातल्या तारखेवरून वेळ लावणारा एचटीपीडेट वापरावा, ४४३ तर चालूच असतो.

याच रात्री दुसरी गोष्ट दिसली: ओएनटीला उठायला काही मिनिटं लागतात, पाय त्याच्या आधी उठतो आणि व्हीपीएसचं नाव डीएनएसमध्ये न सापडल्याने वायरगार्डची सेवा अयशस्वी होऊन थांबते. व्हीपीएसचा पत्ता स्थिरच आहे, एंडपॉइंटमध्ये नावाऐवजी आकडे लिहिले. ओएनटीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएसही लावला, १,५०० रुपये.

९ ऑगस्ट: दुसरी वाट

यूडीपी कधीही अडवलं जाऊ शकतं, म्हणून पायवरून व्हीपीएसकडे उलटा एसएसएच टनेल कायम ठेवला: ऑटोएसएसएचने, व्हीपीएसच्या आतल्या १३९२३ वर पायचा ३९२३ (कॉपीपार्टीचा पोर्ट). सर्व्हर-अलाइव्ह ३० सेकंद, तीनदा. फॉरवर्ड न झाल्यास बाहेर पड, हा पर्यायही लावायचाच. त्याशिवाय एसएसएच जोडलेला राहतो आणि आतला पोर्ट मात्र मेलेला असतो.

व्हीपीएसच्या एसएसएच सर्व्हरवरही क्लायंट-अलाइव्ह ३० लावा. घरचं इंटरनेट झटक्यात गेलं की व्हीपीएसला ते कळत नाही, जुनी मेलेली जोडणी १३९२३ अडवून बसते आणि नवीला पोर्ट मिळत नाही.

एनजिनएक्सच्या अपस्ट्रीममध्ये (विनंत्या कुठे पाठवायच्या ती यादी) १०.७७.०.२ पहिला आणि हा दुसरा ‘बॅकअप’ म्हणून लिहिला. चाचणीत वायरगार्ड बंद केला: चालू असलेली डाउनलोड तुटली, पुन्हा सुरू केल्यावर दुसऱ्या वाटेने उरलेली आली.

२२ ऑगस्ट: गणपतीआधीचा पहिला फॉर्म

पहिल्या सोळा पानांच्या फॉर्मची ३१० एमबीची पीडीएफ प्रेसने उतरवली. तिथे २० एमबीपीएस मिळतात, दोन मिनिटांच्या थोडं वर लागलं. टनेलमधून कोल्हापूर ते व्हीपीएस ९० एमबीपीएसच्या आसपास वेग मिळतो. अडथळा पायचा नाही, प्रेसच्या जोडणीचा आहे.

प्लेट काढण्याआधी फाइल पूर्ण आली याची खात्री हवी. प्रत्येक पीडीएफसोबत एसएचए-२५६ ची (फाइलच्या ओळखठशाची) छोटी मजकूर फाइल ठेवली. प्रेसमध्ये विंडोजची सर्टयुटिल आज्ञा हॅशफाइल पर्यायाने चालवायची, तिला ॲडमिन हक्क लागत नाहीत. पहिले सहा आणि शेवटचे सहा आकडे फोनवर ताडून पाहिले की पुरे. एकदा चुकीची प्लेट निघाली तर जो खर्च होतो त्यापुढे हा मिनिटभराचा वेळ काहीच नाही.

६ सप्टेंबर: खर्च

व्हीपीएस चार महिने २,०००. डोमेन वर्षाला ९००. आरटीसी २५०. यूपीएस १,५००. एकूण ४,६५० रुपये, पाय आणि डिस्क आधीचीच. वेळ सर्वाधिक गेला तो एमटीयू आणि घड्याळावर. दोन्हींत त्रुटीचा संदेश येत नाही, म्हणून अंदाज बांधण्याऐवजी सुरुवातीलाच व्हीपीएसवर टीसीपीडम्प लावा.

४ ऑक्टोबर: आवराआवर

शेवटचा फॉर्म गेला. प्रेसचं खातं आणि चित्रकारांचं लिहिण्याचं खातं बंद केलं, दोन्ही पासवर्ड बदलले. संपादकांचा पीअर ठेवला आहे, जुन्या अंकांच्या स्कॅनचं काम पुढे चालू राहणार. प्रेसचे संगणक विंडोज १० वर आहेत आणि त्याचं सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबरला थांबतंय. पुढच्या अंकाआधी त्यांच्याकडे काय बसवलं आहे ते पाहूनच खातं पुन्हा उघडायचं. व्हीपीएसच्या कॉन्फिगची प्रत पायच्या डिस्कवर घेतली, खासगी की त्यातून वगळल्या.